दोन बोटं पाणी

सिंगापुरात सातच्या सुमाराला उजाडतं. त्याआधीची पंधरा मिनिटं आंग मो किओच्या पार्कातली नदी दिसत नाही, नुसती आहे असं कळतं. गवतावरून गारव्याचा एक पट्टा सरकत येतो आणि पावलांना लागतो. माझे सासरे बाबूराव त्या पट्ट्यात उभे राहतात, मिटलेली छत्री पाण्यात बुडवतात आणि बाहेर काढून डोळ्यांजवळ नेतात. छत्रीच्या कापडावर त्यांनी पांढऱ्या रंगाने खुणा केल्या आहेत.

"कालच्यापेक्षा चार बोटं कमी," ते म्हणाले.

"हो का मामा."

"वर कुठंतरी पाऊस थांबला."

ते बत्तीस वर्षं पाटकरी होते. गोदावरीच्या एका कालव्यातून निघालेली चारी त्यांच्या ताब्यात होती. गेट उघडायचं, गेट बंद करायचं, आणि मोजपट्टीवरचा आकडा नोंदवहीत लिहायचा. हिराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यानंतर माझा नवरा नरेश त्यांना इकडे घेऊन आला. त्याला आता चार महिने झाले. चार महिन्यांत त्यांनी एकही दिवस नदी मोजायची चुकवलेली नाही. कोह नावाचे एक चिनी आजोबा रोज तिथे व्यायामाला येतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तरी कोह आल्याबरोबर भुवया उंचावतात आणि मामा बोटं दाखवून त्या दिवसाचं पाणी सांगतात.

"शुक्रवारी भरायचा ना पोरीचा फॉर्म?"

"शुक्रवारी चारला."

"मग निळा शर्ट धुवायला टाक. या कोहला मी खुणांनी सांगून ठेवलंय, नात पाण्याची अधिकारी होणार. गेट तिच्या हातात."

तेवढ्यात उजाडलं, आणि नदी एकदम होती त्या जागी दिसू लागली.

हर्षा आमची एकुलती एक. अठरा वर्षांची. नेदरलँड्समध्ये पाण्याचं शिक्षण घ्यायचं हे तिने ज्युनियर कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. तिथे दोन तऱ्हेची विद्यापीठं असतात हे मात्र आम्हाला अर्ज करताना कळलं. एक अप्लाइड. तिथे चार वर्षं, त्यातले बरेच महिने प्रत्यक्ष कामावर, आणि बाहेर पडणारा माणूस दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर उभा राहू शकेल असा. दुसरं रिसर्चचं. तिथे तीन वर्षं, भरपूर गणित, भरपूर वाचन, आणि पुढे आणखी शिकायचं हे जवळजवळ गृहीतच. दोन्हीकडे पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर तो कोर्स सोडावा लागतो. हर्षाला दोन्हीकडून होकार आला होता. शुक्रवारपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं आणि दुसऱ्याला नाही.

आमच्या घरात या गोष्टीवरून भांडण झालं नाही. अवघड होतं ते हेच. सगळ्यांचं एकमत होतं, अप्लाइड.

नरेश वन-नॉर्थ या भागातल्या प्रयोगशाळेत संशोधन करतो, बॅटरीतल्या क्षारांवर. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन-दोन वर्षांचं असतं, आणि आमचा इथला मुक्काम त्या कॉन्ट्रॅक्टवर असतो. दर दुसऱ्या वर्षी मार्च महिना आला की तो जेवताना बोलायचा बंद होतो. "माझ्यासारखं होऊ नकोस गं," तो हर्षाला म्हणाला होता. "चाळिशी उलटली तरी मी प्रपोजलच लिहितोय. तुझ्या हातात कला आहे. हात वापर."

हात होतेच तिचे तसे. सिंकखालचा पाइप ती बसवायची. वॉशिंग मशीन खोलून तिने त्यातून माझं कानातलं काढून दिलं होतं. मायलो पावडरच्या रिकाम्या डब्याचं तिने केलेलं पर्जन्यमापक आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, बाहेर दोन वर्षं टिकलं. मामा आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे पंजे हातात घेऊन म्हणाले होते, "हे तर माझेच हात. इकडं कधी आले?"

आणि ती हसली होती. "कॅन, आजोबा," इथल्या इंग्रजीत 'चालेल' म्हणतात तसं ती म्हणाली. "रिटर्न नाही करणार."

मामांचा फॉर्मशी संबंध असा. त्यांच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारे ते पहिले. नरेशला शाळेत घातलं तेव्हा फॉर्मवर नाव त्यांनी स्वतः लिहिलं. गुरुजी म्हणाले, आणा इकडे, मी लिहितो. मामा म्हणाले, नको, मला येतं. त्यानंतर घरातल्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक प्रवेशाच्या फॉर्मवर पहिलं नाव त्यांनीच लिहायचं असं ठरून गेलं. नरेशच्या पीएचडीचा फॉर्म त्याने त्यासाठी गावी पाठवला होता, आणि तो परत येईपर्यंत मुदत संपत आली होती. आता फॉर्म कॉम्प्युटरवर असला तरी हर्षाचं नाव तेच टाइप करणार होते. गेला आठवडाभर ते टेबलावर एका बोटाने सराव करत होते.

दोन्ही विद्यापीठांची एक पद्धत होती, मला ती आवडली. प्रवेश दिल्यावरही ते म्हणतात, आधी एकदा करून बघा, तुम्हाला हे खरंच हवंय का. अप्लाइडवाल्यांनी सांगितलं, तुमच्या घरापासून शंभर मीटरच्या आत पाण्याची एक अडचण शोधा आणि ती सोडवा. आमच्या ब्लॉकमागे सायकली लावायच्या जागी पाणी साचतं. हर्षाने पुठ्ठ्याचा नमुना केला, उतार बदलला, बाथरूममध्ये मगाने पाणी ओतून पाहिलं. सोमवारी चार वाजता, तिकडे सकाळचे दहा, एका बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. बाईंच्या मागे भिंतीला सायकल टांगलेली होती. नमुन्यातून पाणी वळणावळणाने बाहेर पडलं तेव्हा बाईंनी टाळ्या वाजवल्या. खोलीच्या दाराआड उभ्या असलेल्या नरेशनेही वाजवल्या.

"झालं!" तो म्हणाला. "आता विचार कसला?"

हर्षा नमुना पुसत होती. "नो लाह," ती इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली. "विचार नाही."

दुसऱ्या विद्यापीठाने एक व्याख्यान पाठवलं होतं आणि प्रश्नाचं एक पान. त्याबद्दल ती काही बोलली नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

मंगळवारी मी लवकर घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली परात भरून ठेवलेली होती. ऊन परातीत पडून वर उडत होतं, आणि छतावर प्रकाशाची जाळी हलत होती. तिच्याखाली हर्षा फरशीवर उताणी पडली होती.

"काय करतेस?"

"बघतेय."

"काय?"

"अजून माहीत नाही."

मी पर्स ठेवली आणि तिच्या शेजारी पडले. कितीतरी वर्षांत मी फरशीवर अशी पडले नव्हते. जाळीचे पदर एकमेकांत शिरत होते, सुटत होते. बाहेर कोकीळ ओरडत होता, एकेक सूर वर चढवत. मला वाटलं आम्ही दोघी एखाद्या तळाशी आहोत आणि पाणी आमच्या वरून चाललंय.

"मम्मी, तू रोज पाण्याबरोबर काय करतेस?"

तिला माहीत होतं, तरी मी सांगितलं. मी आंग मो किओच्याच इंडस्ट्रियल पार्कात एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. चिप धुवायला जे पाणी लागतं त्यात काहीही असून चालत नाही. त्यात काहीही नाही, हे मी रोज तपासते आणि सही करते.

"म्हणजे नथिंग मोजतेस."

"हो."

"आणि कधी समथिंग निघालं तर?"

मला एक आठवलं. आमच्या एका मीटरचा काटा रोज दुपारी तीनच्या सुमारास किंचित हलतो. अकरा वर्षं हलतोय. पहिल्या वर्षी मी मॅनेजरला विचारलं होतं. ते म्हणाले, मर्यादेत आहे ना? मग सोडा. मी सोडलं. ते मी तिला सांगितलं.

तिने हात लांब करून परातीत बोट बुडवलं. मग म्हणाली, "मम्मी, पाणी गरम झालं की पातळ होतं ना?"

"होतं. तीस अंशांचं पाणी वीस अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी घट्ट असतं. चिकटपणा कमी होतो."

"मग ते मातीत जास्त मुरत असेल."

"मुरेल की." आणि मग मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हर्षा, हे आजोबांच्या दोन बोटांचं चाललंय का?"

मामांच्या चारीतल्या दोन बोटं पाण्याची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. दर सुट्टीत गावी गेलं की झोपताना, आजोबांच्या पोटावर डोकं ठेवून. तिच्यासाठी ती राजा-राणीसारखी गोष्ट होती, असं मी समजत होते.

"त्या रिसर्चवाल्यांनी विचारलंय," ती छताकडेच बघत म्हणाली, "तुम्ही पाहिलेली पण तुम्हाला न समजलेली एक गोष्ट लिहा. ती समजावू नका. पाहिली हे कशावरून, एवढंच सांगा. मी ते लिहिलं. मग मला थांबताच येईना. सायकल स्टँडचं मी दोन दिवसांत केलं आणि विसरले. हे मी विसरत नाहीये." तिचा आवाज एकदम लहान झाला. "मला काही बांधायचं नाहीये, मम्मी. मला बघत बसायचंय. इट्स सो सेल्फिश, ना? आजोबांनी त्या कोह अंकलना पण सांगून टाकलंय."

आमच्या दोन्हीकडच्या घरांत कामाला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं. आधी शेतात, मग गिरणीत, कालव्यावर, मग कचेरीत, प्रयोगशाळेत. शिक्षणसुद्धा आम्ही कामासारखंच केलं, पाठ मोडेपर्यंत. नुसतं बघत बसायची मुभा कुणाला होती?

"सांग त्यांना," मी म्हटलं.

"मी नाही सांगू शकत. ते सराव करतायत, मम्मी. एका बोटाने."

त्या आठवड्यात बसमध्ये डोळा लागला की मला चारी दिसायची. ती मी प्रत्यक्षात एकदाच पाहिली होती, लग्नानंतर, उन्हाळ्यात, कोरडी. आता ती भरलेली असायची आणि आंग मो किओच्या ब्लॉकांमधून वाहत असायची, खांबांवरून जाणाऱ्या एमआरटी रेल्वेच्या खालून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या अंगावर घेत. काठाने मामा चालत असायचे, आणि त्यांच्या पुढे कुणीतरी लहान, पाण्यात हात घालून. माझा स्टॉप आला की ते सगळं दाराबाहेर राहायचं.

शुक्रवारी साडेतीनलाच मामा निळा शर्ट घालून टेबलाशी बसले. खिशाला पेन होतं. नरेशने अर्धी सुट्टी घेतली होती. हर्षाने लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर दोन्ही विद्यापीठं एकाखाली एक होती.

"कुठलं दाबायचं ते दाखव फक्त," मामा म्हणाले.

हर्षाने हात मांडीवर ठेवले होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नरेश पुढे होऊन माऊस धरणार, इतक्यात मी म्हणाले, "मामा, आधी ती दोन बोटांची गोष्ट सांगा ना."

नरेश चकित झाला. मी मध्ये बोलणाऱ्यांतली नाही. "आत्ता?"

"आत्ता."

मामांना गोष्ट सांगायला निमित्त लागत नाही. त्यांनी खुर्ची मागे घेतली. "तर मी पाणी सोडायचो हेडला, चारी जिथं सुरू होते तिथं. गेट तेवढंच उघडं, पाव इंच इकडं नाही की तिकडं नाही. तिकडं टेलला, चारी जिथं संपते तिथं, दुसरी मोजपट्टी. मी सायकलवर जायचो मोजायला. दुपारी मोजलं की जेवढं पाणी, त्याच्यापेक्षा पहाटे मोजलं की दोन बोटं जास्ती. आता तू म्हणशील, दुपारी लोक चोरत असतील."

"मीच म्हणणार होतो," नरेश म्हणाला.

"अरे येड्या, चोर रात्री येतो का दुपारी? रात्रभर डोंगळे टाकलेले असायचे." चोरून पाणी ओढायला टाकलेल्या पाइपांना तिकडे डोंगळे म्हणतात. "ही लाइन लागलेली. मला सगळ्यांची नावं पाठ. रात्री चोर जास्ती, तरी पहाटे पाणी जास्ती. आता सांग, विद्वान."

"ऊन. बाष्पीभवन."

"चार कोसांत दोन बोटं उडून जातील व्हय? मग आमचे साहेबबी उडाले असते."

हर्षा हसली. पण डोळे भरलेले होते.

"मोजण्यात चूक असेल, बाबा."

"चार वर्षं रोज तीच चूक?" मामा म्हणाले. मग थोडे थांबले. "मी ते वहीत लिहिलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात. पहाटे दोन बोटं जास्ती, कारण समजत नाही. साहेबानं लाल रेघ मारली. म्हणले, बाबूराव, शेरा आम्ही लिहायचा असतो. तुम्ही आकडा लिहा. मग मी आकडाच लिहिला. सत्तावीस वर्षं."

हे लाल रेघेचं आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. झोपताना सांगायच्या गोष्टीत ते नव्हतं.

"आजोबा," हर्षा म्हणाली, "मी हे त्यांना लिहिलंय. दोन बोटांचं. सगळं."

"कुणाला?"

तिने स्क्रीनवरच्या दुसऱ्या नावाला बोट लावलं. "यांना. आणि मला इथे जायचंय. त्या पहिल्या ठिकाणी गेट आहे, काम आहे, सगळं चांगलं आहे. बट आय वाँट टू नो. मला कळून घ्यायचंय."

मामांनी पहिल्या नावाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना ते लपवता येत नाही.

"मग गेट कोण चालवील?"

"तिथे मोटर आहे, आजोबा."

"मोटर," ते म्हणाले. "बरं."

नरेश खाली बसला. "हर्षा, एक वर्ष अप्लाइडला कर. जमलं तर नंतर बदलता येतं, मी वाचलंय. इकडे पहिल्या वर्षी गणितात अडकलीस तर बाहेर. आणि पुढे? पुढे माझ्यासारखं."

"तुमच्यासारखं म्हणजे काय वाईट आहे, पप्पा? मार्च सोडला तर तुम्ही खूश असता."

मामांनी विचारलं, "कारण कळलं का तुला? दोन बोटांचं?"

"थोडं. दुपारी पाणी तापतं, पातळ होतं, मातीत जास्त मुरतं. पण मी हिशोब केला, मम्मीच्या आकड्यांवरून. त्याने एक बोटसुद्धा होत नाही. बाकीचं कुठे जातं ते नाही माहीत."

"म्हणजे अजून एक बोट उरलंय."

"एकाहून जास्त."

"आणि ते सापडलं तर कुणाच्या उपयोगाचं?"

तिला सोपं उत्तर देता आलं असतं. शेतकरी, पाणीटंचाई, काहीही. आजोबांना आवडलं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित कुणाच्याच नाही. फक्त तुमच्या."

मामांनी आपल्या पंजांकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि तर्जनी वर धरली.

"कुठंय नाव?"

हर्षाने दुसऱ्या विद्यापीठाचं पान उघडलं. एकेक अक्षर शोधत, प्रत्येक अक्षरानंतर वर बघत, त्यांनी तिचं नाव टाइप केलं. सहा अक्षरांना दोन मिनिटं लागली. नरेश त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. शेवटच्या अक्षराला ते चुकले तेव्हा त्याने हात पुढे केला, पण मागेही घेतला. त्यांनीच पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

खाली एक मोकळी चौकट होती. "हे काय?"

"रिमार्क्स. ऑप्शनल आहे, आजोबा. रिकामं चालतं."

"रिमार्क म्हणजे शेरा?"

"हो."

"कुणी लिहायचा?"

"आपण."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खात्री करून घ्यावी तसं. "मराठी होईल का यात?"

तिने कीबोर्ड बदलून दिला. अक्षरं स्क्रीनवर आली, तिने एकेक दाखवलं आणि त्यांनी दाबलं. खिडकीखालच्या परातीतलं ऊन आता भिंतीवर आलं होतं आणि त्यांच्या निळ्या बाहीवर हलत होतं. चौकटीत उमटलं: पहाटे दोन बोटं जास्ती. कारण समजत नाही.

"बाबा, त्यांना काय कळणार यातलं?" नरेश म्हणाला.

"नाही कळलं तर विचारतील," मामा म्हणाले. "विचारायचंच तर काम आहे ना त्यांचं?" आणि बटण कुठलं ते विचारून त्यांनी ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर आम्ही तिघं गेलो. हर्षाने माझ्या प्रयोगशाळेतला एक जुना थर्मामीटर दोरीला बांधून आणला होता. कोह आले, त्यांनी भुवया उंचावल्या. मामांनी छत्री वर काढली, बोटं मोजली, आणि दाखवायच्या आधी नातीकडे हात करून कोहला मराठीतच म्हणाले, "थांब की जरा. गार किती आहे ते हिला बघू दे."